मांडव उठल्यावर मागे काय राहतं? पर्यावरणस्नेही लग्नाची तयारी, पहिल्या बैठकीपासून

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्या बैठकीला माझी बहीण दोनशे पानी वही घेऊन बसली होती. नेहमीची यादी: कार्यालय, केटरर, डेकोरेशन, पत्रिका, बस्ता, मानपान, वरात. भाचीने वही ओढून घेतली आणि प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘कुठून येणार’, दुसऱ्यावर ‘दुसऱ्या दिवशी कुठे जाणार’. आईच्या शालूपुढचे दोन्ही रकाने लगेच भरले. डेकोरेशनपुढचा दुसरा रकाना रिकामाच राहिला. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, कारण आजवर घरातल्या एकाही लग्नात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुढे जे काही सांगणार आहे ते त्या दोन रकान्यांतून आलेलं आहे. तुमच्या घरी कार्य निघालं असेल तर आधी तशी वही घाला. पर्यावरणाची काळजी ही वेगळी खर्चाची बाब म्हणून यादीच्या शेवटी लिहिलीत, तर ती पैसे संपल्यावर गळते. प्रत्येक ओळीला हा प्रश्न विचारलात, तर ती गळत नाही.

सहा महिने आधी: आकडा, तारीख, जागा

सगळ्यात मोठा निर्णय पाहुण्यांच्या आकड्याचा. ताटं, पाणी, गाड्या, मांडवाचा आकार, कचरा, सगळं त्या आकड्याने गुणलं जातं. हजार माणसांचं लग्न बांबूच्या चमच्यांनी हिरवं होत नाही. अडीचशे माणसांचं साधं लग्न, काही विशेष न करताही त्याहून हलकं असतं.

आकडा कमी करणं आपल्याकडे अवघड आहे, कारण भावकी, सोयरे, ऑफिस आणि ‘त्यांच्याकडे आपण जेवून आलोय’ हे सगळं त्यात अडकलेलं असतं. आम्ही तीन याद्या केल्या. ज्यांच्याशिवाय लग्न लागणारच नाही ते पहिल्या यादीत. न बोलावल्यास ज्यांना खरंच वाईट वाटेल ते दुसऱ्या. ज्यांचं फक्त देणं फेडायचं आहे ते तिसऱ्या. तिसऱ्या यादीतल्या घरी नवरा-नवरी लग्नानंतर स्वतः गेले, पेढे दिले, चहा घेतला. गर्दीत स्टेजवर पाच सेकंद भेटण्यापेक्षा लोकांना ते जास्त आवडलं. गावाकडे अक्षत द्यायला घरोघर जायची पद्धत होती. तिचंच हे उलटं रूप म्हणा.

तारीख ठरवताना पंचांगाच्या जोडीने पाणी आणि फुलंही बघा. एप्रिल-मेमध्ये माणदेशात किंवा मराठवाड्यात कार्य काढलं की टँकर आलाच. झेंडू आणि शेवंती दिवाळीपासून थंडीभर मिळतात, मोगरा उन्हाळ्यात. ज्या महिन्यात लग्न, त्या महिन्याचं फूल आणि त्या महिन्याची भाजी, एवढं ठरवलं तरी लांबून शीतगाडीने येणारा माल टळतो. शिवाय लग्न दिवसाउजेडी ठेवा. सकाळच्या मुहूर्ताला दिव्यांच्या माळा लागत नाहीत आणि जनरेटर तासन्‌तास चालवावा लागत नाही. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

जागा निवडताना नकाशावर पाहुण्यांची गावं मांडा आणि मध्य काढा. डोंगरातलं रिसॉर्ट कितीही हिरवं दिसलं तरी तिथवर शंभर गाड्या गेल्या तर त्या हिरवेपणाला अर्थ राहत नाही. वऱ्हाडासाठी एसटीच्या आगारातून प्रासंगिक करारावर बस मिळते. दोन बसमध्ये ऐंशी-नव्वद माणसं सहज बसतात, म्हणजे वीसेक गाड्या कमी. आगारात चौकशी लवकर करा, लग्नसराईत बस उरत नाहीत.

तीन महिने आधी: कायद्याची बाजू

वेगळ्या पद्धतीने लग्न करणारे अनेक जण हे काम शेवटी ठेवतात आणि अडकतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न रूढीप्रमाणे विधी होऊन लागावं अशी अपेक्षा आहे. विधीच झाले नसतील तर नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणून विधी आपल्या मनाप्रमाणे बदलायचे असतील तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा रस्ता घ्या, असा माझा आग्रह आहे.

त्याचा हिशोब असा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटीस लागल्यावर तीस दिवस थांबायचं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून लग्नाच्या दोन-सव्वादोन महिने आधी अर्ज करणं सोयीचं. मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण हवं, साक्षीदार तीन हवेत.

या कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लग्न कोणत्याही पद्धतीने लावायची मोकळीक. अट इतकीच, की अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हणायचं. जादा शुल्क भरून अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या कार्यालयात बोलावताही येतं. आमच्याकडे ते मांडवात आले. भाचीने ते एक वाक्य मराठीत म्हटलं तेव्हा मांडव एकदम शांत झाला.

विधी: काय ठेवायचं, काय बदलायचं

वेगळं लग्न म्हणजे परंपरा टाकून देणं, असा समज घरातल्या मोठ्यांचा असतो. त्यांना सांगा की महाराष्ट्रात ही वाट दीडशे वर्षं जुनी आहे. २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, हुंडा नाही. जोतीराव फुल्यांनी मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यांत नवरी स्त्रियांच्या हक्काचं बोलते आणि नवरा तसं वचन देतो. आजही महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशी लग्नं लावतात. बौद्ध पद्धतीतलं त्रिशरण, पंचशील आणि प्रतिज्ञांचं लग्न मुळातच साधं आणि कमी सामानाचं आहे. आणि ज्यांना वैदिक विधी हवेतच, पण अर्थासकट हवेत, त्यांच्यासाठी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मराठी अर्थासह संस्कारांची पद्धत घडवली आहे. तिथे स्त्रिया पौरोहित्य करतात.

आमच्या घरात आजी होती, नव्वदीतली. तिला अंतरपाट, मंगलाष्टकं आणि सप्तपदी हवी होती. भाचीला कन्यादान नको होतं. दोघींनी बसून ठरवलं. ते असं:

देवक आधी. आपल्याकडे कुळागणिक देवक असतं: कुणाचं वड, कुणाचं कळंब, कुणाचं उंबर. देवकाचं झाड तोडायचं नाही ही जुनी चाल. म्हणजे लग्नाच्या पहिल्याच विधीत झाडाशी नातं सांगितलेलं आहे, आपण ते पंचपल्लवीच्या जुडीपुरतं उरवलं. दोन्हीकडची देवकं विचारून घ्या आणि त्या दोन झाडांची रोपं पावसाळ्यात लावायची जागा आत्ताच ठरवा. लग्नाच्या दिवशी रोपांची पूजा, लागवड जूनमध्ये. मार्चमध्ये फोटोसाठी लावलेलं रोप मे महिना बघत नाही.

मुहूर्तमेढ म्हणून आम्ही पांगाऱ्याची मनगटाएवढी जाड फांदी रोवली. पांगाऱ्याच्या फांदीला मुळं फुटतात, शेताच्या कुंपणाला शेतकरी म्हणूनच ती लावतात. शेवग्याचीही चालते. कार्यालयात फरशी असेल तर मोठ्या कुंडीत रोवा आणि नंतर जागा बदला. ओलावा ठेवलात तर मेढ जगते.

हळद उखळात कुटलेली हवी. सांगली, वसमत, वायगाव, आपल्याकडे उत्तम हळद पिकते, तिला पाकिटातल्या रंगाची गरज नाही. घाणा भरताना जात्यावर बसायला आणि हळद लावायला भाचीने आपल्या विधवा काकूला आधी बोलावलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ही गोष्ट तिने आजीला वाचून दाखवली होती. आजी काही बोलली नाही, पण हळदीची वाटी तिनेच काकूच्या हातात दिली. हळदीचं पाणी आम्ही परसातल्या केळींना घातलं. बाजारी रंग असता तर ते जमलं नसतं.

अक्षतांचा हिशोब ऐका. तीनशे माणसांनी पसाभर, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम तांदूळ घेतला तरी सहा ते साडेसात किलो तांदूळ पायाखाली जातो. त्याऐवजी फुलांच्या पाकळ्या ठेवा. ज्यांना धान्यच हवं त्यांना न रंगवलेली ज्वारी द्या. अनेक भागांत अक्षता ज्वारीच्याच असतात, आणि झाडून गोळा केली की ती पाखरांना घालता येते. मंगलाष्टक संपल्यावर सगळ्यांनी एकदाच टाकायची, हे सूत्रसंचालकाने आधी सांगायचं.

अंतरपाट आजीच्या जुन्या इरकली लुगड्याचा केला. मुंडावळ्या शेवंतीच्या, दोऱ्यात ओवलेल्या. मंगलाष्टकं पाचच, घरातल्या बायकांनी रचलेली. त्यात आजीच्या माहेरच्या नदीचं नाव आलं आणि ती डोळे पुसत राहिली. कन्यादानाच्या जागी दोन्हीकडच्या आईवडिलांनी मिळून दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले.

सप्तपदीवर मात्र वेळ घाला, घाई करू नका. सात पावलं अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य यांच्यासाठी असतात. सहावं पाऊल ऋतूंसाठी आहे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. दोघांनी प्रत्येक पावलाला स्वतःचं एकेक वाक्य लिहायचं, आणि वाक्य असं हवं की वर्षाने पाळलं की नाही ते कळेल. ‘निसर्गावर प्रेम करू’ हे वाक्य चालणार नाही. भाचीच्या नवऱ्याने अन्नाच्या पावलाला म्हटलं, ‘रात्रीचा स्वयंपाक माझा.’ सहाव्या पावलाला दोघांनी मिळून म्हटलं, ‘दर जूनला पाच झाडं लावू आणि आधीची पाच जगली का ते बघू.’ एकमेकांना न दाखवता लिहून आणलेली वाक्यं सगळ्यात जिवंत होतात.

जेवण: इथेच सगळं ठरतं

लग्नातला सर्वात जास्त कचरा पानात उरतो. बुफेत लोक एकदाच ताट भरून घेतात, कारण पुन्हा रांगेत उभं राहायचं नसतं. पंगत बसवली की वाढपी थोडं थोडं वाढतो आणि उष्टं कमी पडतं. पंगतीला माणसं आणि वेळ जास्त लागतो, म्हणून घरची तरुण मुलं वाढायला घ्या. त्यांना तीन गोष्टी सांगा: पहिल्या वाढणीत पदार्थ निम्मा, मागितल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही, आणि आग्रह बंद. जिलबीचा आग्रह ही आपली प्रेमाची भाषा आहे हे मला मान्य आहे. पण ती जिलबी पानात मोडून पडली तर त्यात प्रेम कुठे उरलं?

पदार्थ कमी ठेवा. मसालेभात, अळूची भाजी, एक सुकी भाजी, कोशिंबीर, पुरी, वरण-भात, मठ्ठा आणि एक गोड. यात चायनीजचा काउंटर नाही, आईस्क्रीमचे प्लास्टिकचे कप नाहीत, आणि कुणी उपाशी गेलं नाही. केटररशी बोलताना ताटांचा आकडा फुगवू नका. ‘कमी पडायला नको’ म्हणून घरचे वाढवतात, मग तोही वरून वाढवतो. आम्ही पिठलं-भाताची तयारी राखीव ठेवली होती, अर्ध्या तासात होते. तिची गरज पडली नाही.

ताट कशाचं? कार्यालयात पाणी मुबलक असेल तर स्टीलची ताटं सर्वांत चांगली. पाण्याची ओढ असेल तर पत्रावळी. कोकणात, गोव्यात केळीचं पान हाताशी असतं, विदर्भ-मराठवाड्यात पळसाची पत्रावळ. ताजी पत्रावळ गावातल्या बायकांच्या हातची घेतलीत तर पैसा तिथेच राहतो. इथे आमची एक चूक झाली. द्रोण दुकानातून तयार आणले, हिरवे, पानासारखे दिसणारे. मठ्ठा वाढल्यावर लक्षात आलं की आतून प्लास्टिकचा पातळ थर आहे. तेव्हापासून मी आधी एक नमुना घेते, तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवते आणि सकाळी सोलते. पापुद्रा निघाला तर माल परत. कागदी पेल्यांनाही आतून असाच थर असतो, म्हणून चहा-पाण्याला ते घेऊ नका. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर तर महाराष्ट्रात मार्च २०१८पासून बंदी आहे, तरी त्या येतात. केटररच्या करारात ते स्पष्ट लिहून घ्या.

पाण्याच्या छोट्या बाटल्या प्रत्येकी दोन धरल्या तरी तीनशे माणसांच्या सहाशे होतात, त्याही अर्ध्या प्यायलेल्या. माठ किंवा रांजण, शेजारी स्टीलचे पेले आणि ते धुवायला दोन माणसं. स्वागताला थंडीत गुळाचा चहा, उन्हाळ्यात पन्हं किंवा कोकम सरबत.

उरलेल्या अन्नाची सोय आदल्या दिवशी करा. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, म्हणून संध्याकाळी फोन शोधत बसलात तर ते टाकावंच लागतं. जवळचं वसतिगृह, आश्रमशाळा, बांधकामावरची वस्ती, कुणाशी तरी वेळ ठरवून ठेवा, झाकणाची स्वच्छ पातेली वेगळी काढा. द्यायचं ते पातेल्यातलं, वाढण्याआधीचं. पानातलं उष्टं माणसाला नाही, खताला किंवा गोबरगॅसला.

सजावट, कपडे, पत्रिका, वरात

इथे थोडक्यात आटोपते, कारण एकदा दोन रकाने डोक्यात बसले की उत्तरं आपोआप सुचतात. मांडवाला कापडी पडदे भाड्याने, आंब्याचे टहाळे बागेच्या छाटणीतले, केळीचे खुंट, नारळाच्या झावळ्या. फुलं खोचायचा हिरवा स्पंज आणि प्लास्टिकची फुलं नकोत. फुलांच्या माळा दोऱ्यात ओवा, तारेत नको, म्हणजे निर्माल्य थेट खतात जातं. थर्माकोलची अक्षरं आणि मखरं जुलै २०२२पासून देशभर बंद आहेत. नावाचा फलक कापडावर रंगवून घ्या, नंतर त्याच्या पिशव्या शिवता येतात.

नवरीला आईचा शालू किंवा येवल्याची पैठणी. नवीन घ्यायची असेल तर हातमागाचीच घ्या, ती नातीपर्यंत टिकते. मानपानाच्या साड्या मात्र बंद कराव्यात असं माझं ठाम मत आहे. कुणी नेसत नाही, फक्त कपाटं बदलतात. पत्रिका फोनवर पाठवा, मोठ्यांसाठी पन्नास-साठ साध्या कागदावर छापा, चकचकीत थर नसलेल्या. वरातीला हलगी, सनई, लेझीम. फटाके, फुगे आणि आकाशकंदील सोडणं नको. जळता कंदील गवताच्या गंजीवर उतरला तर शेतकऱ्याचं वर्षाचं वैरण जातं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक कायद्यानेही चालत नाही.

आहेर आणि परतभेट

पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ एवढंच लिहिलं तर निम्मे लोक आणतातच. त्यांना दुसरं काही सुचवा: गावच्या वाचनालयासाठी एक पुस्तक, किंवा घरातलं एखादं जुनं भांडं. परतभेट म्हणून रोपं वाटायची पद्धत पडली आहे, पण बसमध्ये दोन तास गुदमरलेलं रोप फ्लॅटच्या गॅलरीत मरतं, हे मी अनेकदा पाहिलं. आम्ही बियाणं दिलं. वाल, घेवडा, दोडका, दुधी, गावरान वाणाचं, कागदी पुडीत, वर पेरणीचा महिना लिहून. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचं जे काम उभं केलं, ज्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच्याविषयी दोन ओळी पुडीवर होत्या. रुखवतातही साखरेच्या बाहुल्यांऐवजी आत्यांनी बियांच्या बरण्या मांडल्या आणि प्रत्येकीने आपल्या वाणाची गोष्ट सांगितली. पाऊस सुरू झाल्यावर वेलांचे फोटो यायला लागले.

लग्नाचा दिवस आणि दुसरा दिवस

कचऱ्याला एक जबाबदार माणूस नेमा. नवरीचा भाऊ नको, त्याला शंभर कामं असतात. दोन डबे पुरत नाहीत, चार ठेवा: उष्टं, पत्रावळी व फुलं, सुका कचरा, आणि सॅनिटरी कचरा. डब्यांवर शब्द लिहून भागत नाही, वर खरी पत्रावळ आणि खरा कागद चिकटवा. पहिल्या पंगतीला प्रत्येक डब्यापाशी एक मुलगा उभा करा, पुढच्या पंगती बघून शिकतात. परवाना असलेलं कार्यालय नसून मोकळ्या जागेत शंभराहून जास्त माणसं जमणार असतील, तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं, कचरा जागेवरच वेगळा करून द्यावा, अशी तरतूद २०१६च्या घनकचरा नियमांत आली. सुका कचरा उचलणाऱ्या ताईंना त्या दिवशीची मजुरी ठरवून द्या आणि पहिल्या पंगतीत जेवायला बसवा.

आमच्याकडे पत्रावळी आणि फुलं शेताच्या कडेला खड्ड्यात गेली: एक थर पानांचा, एक थर शेणाचा, वर माती. पावसाळ्यानंतर तेच खत देवकाच्या दोन रोपांना घातलं. सुका कचरा दीड पोतं निघाला, त्यात बहुतेक पाहुण्यांनी बाहेरून आणलेल्या बाटल्या आणि ते फसवे द्रोण. भाचीने वहीतल्या द्रोणांच्या ओळीपुढे दुसऱ्या रकान्यात लाल शाईने लिहिलं, ‘पोत्यात’. पुढच्या महिन्यात धाकट्या पुतण्याचं लग्न ठरलं, तेव्हा ती वही घेऊन बहीण त्यांच्या घरी गेली.